ब्रिज स्पर्धेत दृष्टिहीन भिडू: नियम कसे लिहावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या जिमखान्यात दिवाळीनंतर ड्युप्लिकेट ब्रिजची (सगळ्या टेबलांवर तीच वाटलेली पानं खेळायची) पेअर्स, म्हणजे जोड्यांची, स्पर्धा आहे. माझे भिडू पूर्ण दृष्टिहीन आहेत. यंदा कमिटीनेच सांगितलं की तुम्हाला काय काय लागेल ते लिहून द्या, आम्ही ते स्पर्धेच्या नियमांत घालतो आणि सगळ्या जोड्यांना आधीच पाठवतो. याचा मला मनापासून आनंद झाला. लिहायला घेतलंय, पण दोन-तीन ठिकाणी अडलेय. ज्यांनी डिरेक्टरचं (स्पर्धेतल्या पंचाचं) काम केलंय, स्पर्धा भरवल्यात किंवा जे स्वतः न बघता पत्ते खेळतात, त्यांनी कृपया सांगा.

भिडूंना सगळे काकाच म्हणतात, मीही तेच लिहिते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. ब्रिज त्याच्या कितीतरी आधीपासून खेळतात. ब्रेल उतारवयात शिकले, त्यामुळे पुस्तक वाचायचा वेग नाही. पण पत्त्यांना तेवढं लागतही नाही. पानाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन-दोन खुणा असतात, आधी पान आणि मग रंग. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी चिन्हं नाहीत, ए ते आय हीच अक्षरं १ ते ९ म्हणून चालतात. म्हणून बदाम अठ्ठी म्हणजे एच-एच आणि किलवर तिर्री म्हणजे सी-सी. क्रम पक्का असला की गोंधळ होत नाही. काका पानं इस्पिक, बदाम, किलवर, चौकट अशी लावतात, दोन रंगांमध्ये पान किंचित खाली सरकवून खाच ठेवतात आणि मग डावा अंगठा कोपऱ्यांवरून एकदाच फिरवतात. तेवढ्यात तेरा पानं डोक्यात बसतात.

क्लबात आमचं छान चालतं. आमच्या टेबलावर बिडिंग बॉक्समधून (बोलीच्या छापील कार्डांच्या पेटीतून) कार्ड काढायचं आणि बोली तोंडानेही सांगायची. पान टाकताना ज्याने त्याने नाव घ्यायचं. डमी (बोली जिंकून खेळणाऱ्याच्या भिडूची पानं, जी टेबलावर उघडी मांडतात) उघडली की ती रंगवार वाचून दाखवायची. खरी अडचण पुढे, सातव्या-आठव्या हाताला (चौघांचं एकेक पान पडलं की एक हात) येते. डोळस खेळाडू तेव्हा डमीकडे नुसती नजर टाकतो, कोणाला कळतही नाही. काकांना विचारावं लागतं.

गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका स्पर्धेत समोरचे तीन नो ट्रम्पचं काँट्रॅक्ट (हुकमाशिवाय नऊ हात करायची बोली) खेळत होते. काकांनी मध्येच विचारलं, "डमीत किलवर काय राहिलेत?" पुढचा हात माझा झाला, मी किलवरची उतारी केली आणि काँट्रॅक्ट बुडालं. समोरच्यांनी डिरेक्टरना बोलावलं, स्कोअर बदलला गेला. निर्णय नियमाला धरूनच होता. ब्रिजच्या नियम १६ प्रमाणे भिडूच्या प्रश्नातून किंवा रेंगाळण्यातून जे कळतं त्याचा फायदा घेता येत नाही, आणि प्रश्न मी ऐकलेला होता. माझ्या हातात किलवर राणी, गुलाम, दश्शी होते, ती उतारी मी एरवीही केली असती, पण हे सिद्ध कसं करणार? त्यानंतर काकांनी दिवसभर डमीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दोन बोर्डांत (बोर्ड म्हणजे चौघांची वाटलेली पानं ठेवायचा ट्रे, एक बोर्ड म्हणजे एक डाव) त्यांना पान आठवत नव्हतं, तरी अंदाजाने खेळले. हे मला संध्याकाळी कळलं आणि फार लागलं. डमी ही नियमानेच चौघांसाठी उघडी असते. जे त्यांच्या हक्काचं आहे ते मागायला त्यांना भीती वाटावी, हे मला मान्य नाही. समोरच्या जोडीवर अन्याय व्हावा असंही नाही, आणि काकांना तर ते माझ्यापेक्षा जास्त खटकेल.

मला सुचलेला तोडगा असा. नियम २० मध्ये बोलीची उजळणी मागायची सोय सगळ्यांनाच आहे, पण मागितली तर पूर्ण बोली पहिल्यापासून ऐकावी लागते. अर्धवट मागता येत नाही, मध्ये थांबवताही येत नाही. तोच न्याय डमीला लावला तर? काकांनी "डमी" एवढंच म्हणायचं, आणि डमीवाल्याने उरलेली सगळी पानं चारही रंगांत ठरलेल्या क्रमाने, एका सुरात वाचायची. कोणता रंग हवा होता हे मला कळणारच नाही. यात काही भोक राहतंय का? शिवाय काकांनी न विचारताच, समजा दर तीन हातांनी, डमी वाचावी की वेळ फार जाईल? दोन बोर्डांना साधारण १५ मिनिटं मिळतात.

दुसरी अडचण पत्त्यांची. ड्युप्लिकेटमध्ये बोर्ड टेबलाटेबलावर फिरतात. २४ बोर्ड म्हणजे १२४८ पानं, सगळ्यांवर ब्रेल उठवायचं म्हटलं तर हाताने होणार नाही. पाटी आणि स्टायलसने टोचायचं तर पानाच्या पाठीकडून, उजवीकडून डावीकडे, उलटं टोचावं लागतं. आणि पाठीवर खड्डे दिसतात ते वेगळेच, कोणी "पत्ते खुणेचे आहेत" म्हणालं तर काय उत्तर द्यायचं?

आगाऊ धन्यवाद.

बुद्धिबळवेडा:
ताई, ब्रिजचं मला फारसं कळत नाही, पण बुद्धिबळात हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमावलीत अंध खेळाडूंसाठी वेगळं परिशिष्टच आहे. दोघांनी चाल मोठ्याने सांगायची, समोरच्याने ती परत म्हणायची. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून ए ते एच या पट्ट्यांना ॲना, बेला, सीझर अशी नावं ठरवून दिलीत. आणि हे तुमच्या कामाचं: अंध खेळाडू सोंगट्या चाचपतो, म्हणून नुसता हात लागला तर "शिवली" धरत नाहीत. सोंगटी खाचेतून वर उचलली तरच धरतात. आपल्याकडे चारुदत्त जाधवांनी अंधांच्या बुद्धिबळासाठी देशभर संघटना उभी केली, त्यांच्या स्पर्धांत हे सगळं बघायला मिळेल. तुम्हीही पत्त्यांची नावं कशी घ्यायची ते लिहून टाका. गोंगाटात "सत्ती" आणि "छक्की" सारखंच ऐकू येतं, "चौकट" आणि "चौकी"चंही तेच.

टीडी_ठाणे:
सगळ्या बोर्डांवर ब्रेल लागतच नाही. ड्युप्लिकेटमध्ये ज्याची पानं त्याच्यासमोरच राहतात, हात झाला तरी मिसळत नाहीत. म्हणजे ब्रेल फक्त काकांच्या तेरा पानांवर हवं. न खेळणारा एक मदतनीस द्या. तो बोर्डातून काकांची तेरा पानं काढून बाजूला ठेवेल आणि ब्रेलच्या जोडातली तीच तेरा पानं त्यांच्या हातात देईल. खेळ संपला की मूळ पानं परत बोर्डात. ब्रेलचे दोन जोड रंगवार लावून ठेवले तर एक बोर्ड चालू असताना पुढचा तयार होतो, वेळ जात नाही. पाठीवरच्या खड्ड्यांसाठी पुढे उंच कड असलेली लाकडी खाचेची पट्टी मिळते, त्यात पानं उभी लावली की समोरच्यांना पाठ दिसत नाही.

जोडी नॉर्थ-साऊथला बसवा. जोड्या फिरवायच्या मिचेल पद्धतीत नॉर्थ-साऊथवाले टेबल सोडत नाहीत, येणारी जोडी येत राहते. टेबल भिंतीकडेचं घ्या, म्हणजे तोंडी बोली शेजारी ऐकू जाणार नाही.

डमी पूर्ण वाचायची कल्पना एकदम पटली. पण "दर तीन हातांनी" नको, त्याने डिक्लेअररची (काँट्रॅक्ट खेळणाऱ्याची) लय तुटते. मागितल्यावरच वाचा. नुसतं "डमी" म्हटल्याने काका विचार करताहेत एवढंच कळतं, आणि तेवढं तर डोळस माणूस थांबला तरी कळतं. पान शोधायला काकांना लागणाऱ्या वेळाचाही कागदावर उल्लेख करा: त्या थांबण्यातून समोरच्यांनी काही अर्थ काढू नये, काढला तर जबाबदारी त्यांची.

हुकूमएक्का:
भावना समजते, पण स्पर्धा ती स्पर्धा. आज यांना सूट, उद्या कमी ऐकू येणाऱ्याला, परवा अजून कोणाला.

धागाकर्ती:
दादा, सूट कुठली मागितलीय? एक पॉइंट जास्त नको, एक मिनिटही नको. तुम्हाला जी डमी दिसते तीच काकांना ऐकू यावी, एवढंच. आणि हो, उद्या कमी ऐकू येणारा खेळाडू आला तर त्याच्या टेबलावर बोली दिसेल अशी व्यवस्था करावीच लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळांचं कलमच आहे, पण कायद्याचा धाक न दाखवता हे व्हावं असं मला वाटतं.

स्पर्शवाचक:
मी जन्मतः दृष्टिहीन, घरी रमी आणि मेंढीकोट भरपूर खेळते. काही गोष्टी अनुभवाच्या. ब्रेलच्या जोडाला रबरबँड घट्ट लावून ठेवू नका, टिंबं चेपतात. कागदी पानं घामाने लवकर बसतात, पूर्ण प्लास्टिकची टिकतात. पारदर्शक ब्रेल स्टिकर लावू नका, कोपरे जाड होतात आणि गठ्ठा तिरपा बसतो. डमी वाचणाऱ्याला सांगा, मोठं पान आधी, मध्ये "हं", "थांबा" काही नाही. एखादा रंग संपला असेल तर तो गाळायचा नाही, "किलवर नाही" असं म्हणायचं. आणि कृपया कागदावर हेही लिहा की काकांना काही विचारायचं असेल तर काकांनाच विचारावं, "त्यांना कळलं का?" असं भिडूला नाही. माझ्या बाबतीत हे इतक्यांदा झालंय!

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. तेरा पानं बदलायची कल्पना काकांना फोनवर सांगितली तर ते म्हणाले, "मग दोन जोड मी स्वतः टोचतो." मदतनीस म्हणून क्लबातल्या एका कॉलेजच्या मुलीने होकार दिलाय. "किलवर नाही" आणि काकांशीच बोलायचं, ही दोन्ही वाक्यं जशीच्या तशी घेतेय. बुद्धिबळावरून एक कलम घातलं: पान चाचपताना बाहेर आलं किंवा कलंडलं तरी ते खेळलं असं धरायचं नाही, काकांनी नाव घेऊन टेबलावर ठेवलं की धरायचं.

एक राहिलं. समोरच्या जोडीचा डमीवाला वाचताना चुकला, म्हणजे इस्पिक नव्वी असताना वाचायची विसरला, आणि त्यावर विसंबून काकांनी चुकीचं पान टाकलं तर? माझ्या मते पुढचं पान पडेपर्यंत त्यांना ते मागे घेता यावं, आणि पुढचं पान पडलं असेल तर डिरेक्टरने स्कोअर ठरवावा. पण मुद्दाम चुकीचं वाचलं असा आरोप कोणावर येऊ नये, म्हणून डमी मदतनीसानेच वाचावी का? टीडीसाहेब, तुम्ही काय कराल? शनिवारी कमिटीला कागद द्यायचाय.