वाळवंटातलं बी म्हणे नाइलाजाचं अन्न

रानवाटा: 'गव्हाचं पीठ मिळताच ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी अकेशियाचं (बाभळीच्या नात्यातल्या झाडांचं) बी सोडलं, म्हणजे ते नाइलाजाचंच अन्न', असं कालच्या लेखात ठोकून दिलंय. संताप आला. तिथल्या वाळवंटातल्या वार्लपिरी, पिंतुपी जमातींच्या बायका मुल्गा या अकेशियाच्या शेंगा झोडपायच्या, लाकडी परातीत पाखडायच्या, बी भाजून पाणी शिंपडत दगडावर वाटायच्या. ते वाटण तसंच खायचं, नाहीतर राखेत भाजायचं. प्रथिनं गव्हाहून जास्त. जाळलेल्या रानात कुठलं झाड कधी धरेल, हे तोंडपाठ. आणि 'सोडलं' म्हणजे काय? जमिनी, पाणवठे गुरांच्या मोठ्या मालकांनी घेतले आणि मजुरीऐवजी हातावर पीठ, साखर, चहा ठेवला. तिथे समान वेतन लागू व्हायला १९६८ उजाडलं.

खडकवासी: असहमत. वाटणाऱ्या बाईचे खांदे विसरलात. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. गावात गिरणी आली आणि तिने जात्याला पुन्हा हात लावला नाही. तिची जमीन कुणी हिसकावली नव्हती.

रानवाटा: जातं सोडलं. ज्वारी सोडली का?

देवगडकर: अकेशियाचं कौतुक आमच्या सड्यावर येऊन करा! सामाजिक वनीकरणात लावून ठेवलंय. खाली गवत नाही, गुरं पाल्याला तोंड लावत नाहीत, करवंदाच्या जाळ्या गेल्या. विचारलं तर म्हणतात, हिरवं झालं ना!

खडकवासी: +१. गोव्यातही तेच.

तिसरा_कोन: ते अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, वेगळी प्रजाती. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतलं, वाळवंटातलं नव्हे.

देवगडकर: शहरात बसून लॅटिन शिकवू नका. रान आमचं गेलंय.

तिसरा_कोन: आवाज चढवून झाड बदलत नाही. ऑस्ट्रेलियातल्याच जॉर्जिना गिजी या अकेशियात फ्लुओरोअ‍ॅसिटेट हे विष असतं, गुरं मरतात. उलट अकेशिया कोलेई या प्रजातीचं बी आफ्रिकेतल्या नायजरच्या मराडी भागात दुष्काळातलं अन्न म्हणून पुढे आणलं आणि लोकांनी ते आपल्या पदार्थांत घातलं. प्रजाती न बघता बोलणार असाल तर चर्चा कशाची?

देवगडकर: बरं, झाड वेगळं. लावणाऱ्यांनीही एवढी चौकशी केली असती तर आमचा सडा वाचला असता.

खडकवासी: बी सकस होतं, मान्य. पण ते सुटण्यात बायकांची सुटकाही होती. त्यावर रानवाटांनी एक ओळ लिहिलेली नाही.

रानवाटा: सुटका म्हणता, मग बदल्यात आलेलं पांढरं पीठ आणि वस्त्यावस्त्यांतला मधुमेहही त्याच ओळीत लिहा. आज तेच बी शहरातल्या हॉटेलांत आइस्क्रीममध्ये घालून महाग विकतात. वेचणाऱ्या बायकांच्या हाती त्यातलं काय पडतं, यावर धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.