सोसायटी ग्रुप, जळगाव: ओळखपत्राचे ८० रुपये

सेक्रेटरी (ए-१०२): नमस्कार मंडळी. कामवाल्या ताई, ड्रायव्हर, भाडेकरू, सगळ्यांना ओळखपत्र करतोय. कार्डामागे ८० रु., मेंटेनन्समध्ये लागून येतील. हरकत नसेल तर 👍

नाना (बी-३०१): हरकत आहे. ८० रुपये कार्डाचे झाले. गेटवरचं मशीन? सॉफ्टवेअर? दरवर्षीचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार?

आप्पा (ए-३०३): बरोबर बोलनात नाना. पैसा कोना से? आपलाच ना भो!

नाना: ब्रिटनमध्ये हाच घोळ झाला. पंतप्रधान टोनी ब्लेअरच्या सरकारने राष्ट्रीय ओळखपत्राचा खर्च सांगितला दहा वर्षांत ५.८ अब्ज पौंड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सवाल्यांनी २००५ मध्ये हिशेब मांडला, तर १०.६ ते १९.२ अब्ज! प्लास्टिक स्वस्तच असतं हो. महागात पडते ती मागची नोंदवही. सगळ्यांचे ठसे-पत्ते घ्या, सांभाळा, बदलत राहा, शिवाय ठिकठिकाणी वाचायला यंत्रं.

खजिनदार (सी-१०१): नाना, आपले ७२ फ्लॅट आहेत 😀

नाना: म्हणून तर ७२ जणांनी विचारायचं. जानेवारी २००६ ला हाऊस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह, अडून बसलं, आधी पूर्ण खर्च सांगा. मग दर सहा महिन्यांनी संसदेपुढे खर्चाचा अहवाल ठेवायचा, असं कलमच घालावं लागलं. २०१० ला सरकार बदललं, योजना गुंडाळली. ३० पौंड भरून कार्ड घेतलेल्यांना एक पेनी परत नाही. नोंदवहीच्या हार्ड डिस्कचा तर यंत्रात घालून चुरा केला.

बी-१०४: पण आपलं आधार चाललं ना काका? पहिला नंबर तर आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत दिला, २९ सप्टेंबर २०१०.

नाना: चाललं रे. पण नंबर २०१० चा आणि कायदा २०१६ चा! मध्ये डिसेंबर २०११ ला यशवंत सिन्हांच्या संसदीय स्थायी समितीने आधीचं विधेयक नाकारलं होतं. नंतर नवं आलं ते धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवताच येत नाही असं. राज्यसभेने दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या. लॉर्ड्ससारखं अडून बसायला जागाच नाही.

वहिनी (ए-२०४): माझ्या आईचं सांगते. रावेरकडे केळीच्या बागेत जन्म गेला, बोटं घासून गुळगुळीत झालीत. रेशनला अंगठा उठत नाही. दोनदा रिकाम्या पिशवीने परत, तिसऱ्यांदा मधल्या बोटावर जमलं. तीन दिवसांची रिक्षा आणि बुडालेली मजुरी कोणत्या हिशेबात धरायची? आपल्या गेटवर ठसा नका ठेवू. भांडीवाल्या मावशींचे हात बघा एकदा.

सेक्रेटरी: ठसा नाही, फक्त फोटो.

आप्पा: मग मशीन कशाले?

खजिनदार: कोटेशनचं दुसरं पान टाकतो. मघाशी टाकायचं राहिलं. मशीन १८,५००, एएमसी वर्षाला ४,२००.

नाना: राहिलं 🙂

वहिनी: आता रविवारच्या भरीत पार्टीच्या १५० रुपयांचंही दुसरं पान टाका. वांगी बामणोदचीच आहेत ना?