बाळ बारा आठवड्यांचं आहे आणि रोजचं बायबलवाचन पूर्ण थांबलंय. मदत हवी आहे

वाचनखूण :

इथले धागे बरेच दिवस वाचते आहे, स्वतः पहिल्यांदाच लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची लेक बारा आठवड्यांची आहे. पहिलंच बाळ. लग्नाआधीपासून, जवळजवळ नऊ वर्षं, पहाटेचा अर्धा-पाऊण तास माझा ठरलेला होता. खिडकीजवळची खुर्ची, बायबल, वही, पेन्सिल. रोज तीन-चार अध्याय, म्हणजे वर्षभरात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं होतं. आजारपणात एखादा दिवस चुकला तर रविवारी भरून काढायचे. यंदाही १ जानेवारीला सुरुवात केली आणि महिना संपता संपता बाळ आलं. वाचनखूण बायबलमधल्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीयच्या ११व्या अध्यायात आहे, अजून तिथेच. मोबाइलमधलं वाचनाचं अ‍ॅप काल सांगत होतं, ‘८३ दिवस मागे’.

पहाटे उठून पाहिलं. पण ती रात्री दर दोन-अडीच तासांनी उठते आणि सलग झोप मिळते ती नेमकी पहाटेच. दोन दिवस उठले, तिसऱ्या दिवशी दुपारी भोवळ आली.

मग ठरवलं, पाजताना वाचायचं. डाव्या हातावर ती, उजव्या हाताने पुस्तक. बायबलचा कागद किती पातळ असतो ते तुम्हाला माहीत आहेच. पान उलटलं की सळसळ होते, आणि रात्रीच्या शांततेत ती सळसळ तिला दचकवते. दोन्ही हात हवेत फेकते, तोंडातलं सोडते, मग पुन्हा पहिल्यापासून झोपवणं. मोबाइलवर वाचलं तर उजेडाकडे मान वळवते, आणि खरं सांगायचं तर माझंही लक्ष निरोपांकडे जातं. शेवटी ऐकून पाहिलं. खुर्चीत बसून ऐकता ऐकता मलाच झोप लागली. जागी झाले तेव्हा ती माझ्या कोपराच्या घडीत घसरलेली होती. काही झालं नाही, पण तेव्हापासून ते बंद केलं.

दिवसा ती झोपते तेव्हा वाचायला बसले तर एकच ओवी चार चार वेळा वाचते आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. वही उघडली की रडू येतं. नवरा चांगला आहे, म्हणतो, ‘राहू दे ना आता, ती मोठी झाली की वाच.’ पण मला राहू द्यायचं नाहीये. त्या अर्ध्या तासात मी देवाशी बोलायचे, त्याचं ऐकायचे. आता दिवसभर बाळाशी बोलते आणि देवाशी मात्र जणू बोलणंच तुटलंय.

ज्यांनी या दिवसांत वाचन चालू ठेवलं त्यांनी नेमकं कसं केलं? एक-दोन ओव्या वाचल्या तर त्याला वाचन म्हणायचं का? आणि हे ८३ दिवस कसे भरून काढू?

पहाटप्रहर :

अभिनंदन, ताई. माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. सवय एकदा मोडली की वर्षानुवर्षं परत लागत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. प्रभू येशूसुद्धा अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, मार्क १:३५. बाळाच्या आधी वीस मिनिटं उठायचा प्रयत्न सोडू नका. हवं तर रात्री लवकर झोपा.

दोन लेकरांची आई :

पहाटप्रहर, तुमची कळकळ कळते. पण ज्या बाईला दर दोन तासांनी उठावं लागतं तिला ‘बाळाच्या आधी’ अशी वेळच नसते. आणि त्याच मार्कच्या ४थ्या अध्यायात तोच प्रभू वादळात नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन गाढ झोपलेला आहे. थकलेल्या माणसाने झोपणं त्याला परकं नव्हतं.

वाचनखूण, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. भरून काढायचे नाहीत. एकही दिवस नाही. माझ्या पहिल्या वेळी मी रोज सहा-सहा अध्याय वाचून मागची बाकी फेडायला गेले आणि दोन आठवड्यांत पुस्तकाकडे बघणंच नकोसं झालं. ते अ‍ॅप आजच काढून टाक, निदान त्यातली योजना तरी बंद कर. दिवस मोजणारं काहीही सध्या डोळ्यांसमोर नको.

रोज तीन-चार अध्याय हा हिशेब पवित्र शास्त्रातला नाही. अध्याय पाडले तेराव्या शतकात, आणि नव्या कराराच्या ओव्यांना आजचे आकडे मिळाले १५५१ साली. त्याआधी शेकडो वर्षं बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या घरात पुस्तक नव्हतंच. ते मंडळीत ऐकायचे आणि जे लक्षात राहील ते घरी न्यायचे. वर्षभराच्या वाचनाचं जे पत्रक आजही खूप जण वापरतात ते रॉबर्ट मरी मॅकचेन या पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी केलं. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, घरात तान्हं बाळ नव्हतं. तरीही पत्रकासोबत त्याने धोके लिहून ठेवले : वाचन नुसता उपचार होईल, वाचलं म्हणून माणूस स्वतःला नीतिमान समजेल, आणि काहींना ते पेलणार नाही असं जू होईल. तुझ्या मानेवर सध्या ते जू आहे, बाई.

आता तुझी वाचनखूण. ती ११व्यावर थांबली आहे ना? १२वा वाच. आठच ओव्या आहेत, एका पाजण्यात होतात. तो अध्याय नुकत्याच बाळंत झालेल्या बाईबद्दल आहे. मुलगा झाला तर ७ आणि ३३ मिळून ४० दिवस, मुलगी झाली तर १४ आणि ६६ मिळून ८० दिवस तिने पवित्रस्थानी यायचं नाही. तो शुद्धतेचा नियम आहे, विश्रांतीचा म्हणून लिहिलेला नाही, आणि तो आपल्याला लागू आहे असंही मी म्हणत नाही. पण मी बाळंतीण असताना तो वाचला तेव्हा एक गोष्ट मनात उतरली. ते सगळे दिवस ती मंदिरापासून दूर असायची, तरी देवाच्या प्रजेतून कुणी तिचं नाव खोडत नव्हतं. तिची परत यायची वाट आधीच लिहून ठेवलेली होती. शेवटच्या ओवीत तर ऐपत नसेल तर कोकराऐवजी दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतील अशी सूट आहे. आणि लूक २:२४ मध्ये हीच गरिबाची अर्पणं घेऊन कोण आलं, तर मरीया. येशूची आई कोकरू आणू शकली नव्हती.

तुझी लेक बारा आठवड्यांची, म्हणजे ते ८० दिवस नुकतेच सरलेत. मोठं कोकरू आणायला जाऊ नकोस. दोन पिल्लं आण.

रात्रपाळी :

मी परिचारिका आहे, त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या.

एक, बाळ मांडीवर असताना खुर्चीत किंवा सोफ्यावर झोप लागणं खरंच धोक्याचं आहे, श्वास कोंडू शकतो. ते बंद केलंत हे फार बरं केलंत. ऐकायचंच असेल तर बाळ त्याच्या जागी झोपलेलं असताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना ऐका.

दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मला तीच महत्त्वाची वाटते. बाळंतपणानंतर पहिले दोनेक आठवडे विनाकारण रडू येणं खूप जणींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. बाराव्या आठवड्यातही रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. याला उपचार आहेत. हे विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून खायला-प्यायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरावर जाऊन देवाचा आवाज ऐकणं त्यानंतर आहे.

वाचनखूण :

@रात्रपाळी, बाळ झोपलं तरी मला झोप येत नाही, हे खरं आहे. कुणाला बोलले नव्हते.

रात्रपाळी :

मग आजच घरात बोला आणि या आठवड्यातच दाखवून या. स्वतःला इजा करावी किंवा बाळाला काही करावं असा विचार क्षणभर जरी आला, तर भेटीच्या वेळेची वाट पाहू नका, तडक दवाखान्यात जा.

धाकट्याचा बाबा :

यजमानांना हा प्रतिसाद दाखवा, वहिनी. मीही माझ्या बायकोला ‘राहू दे, नंतर वाच’ असंच म्हणालो होतो. मला वाटायचं मी तिला मोकळीक देतोय. ती एकदा म्हणाली, ‘मला सूट नकोय, सोबत हवीये.’

तेव्हापासून रात्री दहाच्या पाजण्याला मी शेजारी बसतो आणि मोठ्याने वाचतो. मार्कपासून सुरुवात केली, १६ अध्याय आहेत, रोज एक. पान उलटायचं काम माझं, तेही जरा लांब बसून. तिला झोप आली तर बाळ माझ्याकडे देऊन तिने झोपायचं, मी उरलेला अध्याय बाळाला वाचून दाखवतो. धाकट्याला आता माझा वाचायचा आवाज ओळखीचा झालाय, सुरू केलं की पाय हलवायचे थांबतो. नवा करार एकूण २६० अध्यायांचा आहे. आठवड्यातले पाच दिवस रोज एक घेतला तर बरोबर ५२ आठवडे. दोन दिवस रिकामे राहतात, आणि लहान बाळ असलेल्या घरात ते लागतातच.

संध्याछाया :

माझी नातवंडं आता मोठी आहेत, पण या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवेना.

पोरी, पुस्तक उघडायचंच नाही. जाड पुठ्ठ्याचा कार्ड घे, त्यावर ठळक अक्षरात आठ ओव्या लिही आणि पाजायच्या खुर्चीसमोर डोळ्यांच्या उंचीवर चिकटव. जाड पुठ्ठा सळसळत नाही आणि रात्रीच्या मंद दिव्यातही वाचता येतो. आठच का, तर ११९वं स्तोत्र तसंच रचलेलं आहे. १७६ ओव्या, आठ-आठचे २२ भाग, हिब्रू वर्णमालेतल्या एकेका अक्षराचा एक भाग. एक भाग किती दिवस ठेवायचा ते तुझं तू ठरव. माझा एक भाग पंधरा दिवस होता.

आणि मनात वाचू नकोस, पुटपुट. पहिल्या स्तोत्रात जो रात्रंदिवस मनन करतो त्याला धन्य म्हटलंय. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं की तिथलं मूळ हिब्रू क्रियापद हे हलक्या आवाजात पुटपुटण्याचं आहे. यशया ३८:१४ मध्ये तेच क्रियापद पारव्याच्या घुमण्याला वापरलंय. तान्ह्या बाळाला पाठीवर थोपटताना आपण जो आवाज काढतो ना, तसा. तेव्हा एक ओवी दिवसातून आठ-दहा पाजण्यांना पुटपुटलीस तर ते वाचन आहे का, असं मला विचारू नकोस. ‘रात्रंदिवस’ हा शब्द मला तरी त्याच दिवसांत कळला. पहाटे उठून वाचायचे तेव्हा माझी रात्र कोरडीच होती.

थकून एकही ओवी आठवली नाही तर यशया ४०:११ वाच. मेंढपाळ कोकरांना उराशी धरून नेतो आणि पाजणाऱ्यांना हळूहळू चालवतो असं तिथे आहे. कळपाचा वेग तुझ्यासाठी कमी करतो तो.

पहाटप्रहर :

दोन लेकरांची आई, संध्याछाया, तुमचं वाचून मी माझं मत मागे घेतो. मी सवयीचं बोललो, पण ताईंच्या रात्रींचा विचार केला नव्हता. ताई, क्षमा असावी.

वाचनखूण :

तुम्हा सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, नऊ दिवस झाले. पहाटप्रहर दादा, क्षमा कसली, तुमच्यामुळेच मार्कच्या ४थ्या अध्यायातली ती झोप माझ्या लक्षात आली.

अ‍ॅप काढून टाकलं. नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला, झोप येत नाही तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून स्वतःच डॉक्टरांना फोन केला. जाऊन आलो. उपचार सुरू झालेत, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. रात्रपाळी, तुम्ही विचारलं नसतंत तर मी सांगितलं नसतं.

लेवीयचा १२वा वाचला. दोन पिल्लांच्या ओवीवर आले आणि पुढे वाचवेना. वाचनखूण तिथून काढली आणि पुस्तक बंद करून कपाटात नीट ठेवलं, अपराधी न वाटता.

कार्ड नवऱ्याने लिहिलं, त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावलंय. रात्री दहाला तो मार्क वाचतो, काल ८वा झाला, मध्ये एक दिवस चुकला आणि तो आम्ही भरून काढला नाही. माझ्या मात्र कार्डावरच्या पहिल्या तीन ओव्याच झाल्यात अजून. काल पहाटे साडेतीनला तिसरी पुटपुटत होते तर ती तोंडातलं न सोडता वर माझ्या ओठांकडे बघत राहिली, ओवी संपेपर्यंत.

संध्याछाया आजी, एक विचारायचं होतं. पहिला भाग पाठ व्हायच्या आधी दुसरं कार्ड लावलं तर चालेल का, की आठही ओव्या होईपर्यंत हेच ठेवू?

संध्याछाया :

हेच ठेव. घाई नाही.