शाईच्या रेखाटनात छटा कशा साधाव्यात?

प्रश्न: निबने रेखाटताना छटा गडद करू गेले की रेषांची गर्दी होऊन चित्र काळवंडते. कोणत्या चित्रकारांचा अभ्यास करावा?

उत्तर १: अमेरिकी चित्रकार फ्रँकलिन बूथ (१८७४–१९४८) यांचा अवश्य करावा. मासिकांतील लाकडी ठशांची चित्रे लेखणीनेच काढलेली असावीत, असे समजून त्यांनी लहानपणी ती गिरवली आणि त्यातूनच त्यांची शैली घडली. त्यांच्या ढगांमध्ये रेषा एकमेकींना क्वचितच छेदतात. रेषेची जाडी आणि मधली कोरी जागा यांवरच छटा ठरते. ढगाचा एखादा लहानसा तुकडा मोठा करून रेषेगणिक उतरवावा.

उत्तर २: सहमत. चित्तप्रसाद यांची १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची रेखाटनेही पाहावीत. तिथली काळी शाई मन हेलावून टाकते.

उत्तर ३: माणसांच्या गर्दीची रचना शिकण्यासाठी मारियो मिरांडा यांची गोव्याची चित्रे मला सर्वांत उपयुक्त वाटतात.