शेक (रेडिएशन) चालू असताना तोंड कोरडं पडतंय, लेझर लाईट थेरपी कुणी घेतलीय का?

गुळाची_ढेप

नमस्कार मंडळी. वडिलांसाठी विचारतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आण्णांचं वय ६४, गाव करवीर तालुक्यात. सगळं आयुष्य गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून गेलं. तंबाखू-चुना होताच. डाव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही काढल्या. आता शेक चालू आहेत. ६० ग्रे (किरणांच्या डोसाचं माप), ३० फ्रॅक्शन म्हणजे ३० वेळा, आठवड्यातले पाच दिवस. मशीन आयएमआरटीचं (किरण नेमक्या जागी देणारं) आहे आणि निम्मे शेक झालेत. योजनेत बसलंय, त्यामुळं शेकाच्या खर्चाचं टेन्शन नाही.

त्रास आहे तो लाळेचा. सुरुवातीला माणूस हसतखेळत जाऊन येत होता, पुढं लाळ आटायला लागली. उरली ती इतकी घट्ट, की काकवीची तार बघावी तशी दोन बोटांत ताणली जाते. थुंकायला गेलं की तुटत नाही, हनुवटीपर्यंत लोंबते आणि फडक्यानं ओढून काढावी लागते. भाकरी आमटीत कुस्करून दिली तरी तोंडातच फिरत राहते. बिनमिरचीचा, बिनमिऱ्याचा पांढरा रस्सा तेवढा घशाखाली जातो (तांबड्याचं नाव काढायची सोय नाही). फोडही आलेत थोडे, पण त्यांची तक्रार एकच, "तोंडात पाणीच न्हाई रं." मग गुळाचा खडा चघळत बसतात, तेवढीच जरा लाळ सुटते म्हणून.

ओळखीच्या एकानं लेझर लाईटचं सुचवलं. एका ठिकाणी चौकशी केली तर त्यांनी सरळ पॅकेजच सांगितलं. पैसे आधी भरा, लाळ शंभर टक्के परत येणार! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. नाव लिहीत नाही, कुणी विचारूही नका. आमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "फोडांसाठी घेत असाल तर माझी हरकत नाही. लाळेसाठी म्हणाल तर मी आशा लावणार नाही." आता या वाक्याचा घरात ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावलाय. आई म्हणते घेऊया, थोरला भाऊ म्हणतो पैसे काढायचा धंदा आहे.

शेक चालू असतानाच ही थेरपी घेतलेलं कुणी आहे का? तोंडात नळी घालून देतात की बाहेरून गालावर? फरक लाळेत पडला की नुसता फोडांत? आणि कॅन्सरच्या जागेवर तो उजेड पडला तर काही वाकडं होणार नाही ना? भावजींनी गुडघ्याला लावायचा लाल दिव्यांचा पट्टा ऑनलाईन मागवलाय, तोच गालाला बांधूया म्हणतात. शिवाय लाळ वाढवायची गोळी असते असं वाचलं, पण आण्णांना दमा आहे.

दंतकथा

मी दातांचा डॉक्टर, ओरल मेडिसिनमधला. पेशंट न बघता उपचार सांगणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांचं वाक्य अगदी नेमकं आहे, ते उलगडून सांगतो.

या थेरपीला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. साधारण ६३० ते ६८० नॅनोमीटरचा लाल किंवा त्यापुढचा न दिसणारा इन्फ्रारेड उजेड, तोही इतक्या कमी ताकदीचा की चटका बसत नाही. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागावर, त्याचा परिणाम होतो, दाह उतरतो, जखम भरायला मदत होते. डोक्या-मानेच्या शेकात तोंडात फोड येऊ नयेत म्हणून तो तोंडाच्या आतून द्यावा, अशी मॅस्क आणि आयएसओओ या आंतरराष्ट्रीय संस्थांची २०२० ची शिफारस आहे. आपल्या देशातही २२१ पेशंटांवर याची ट्रायल झाली, ती २०१२ मध्ये छापून आली आणि निकाल चांगला होता. पण हे सगळं फोडांबद्दल. लाळेबद्दल याच संस्थांनी अ‍ॅस्को या अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संस्थेबरोबर २०२१ मध्ये वेगळी मार्गदर्शिका काढली. शेक चालू असताना लाळेसाठी लेझर द्या किंवा देऊ नका, यातलं काहीच सांगण्याइतका पुरावा नाही, असं तिच्यात म्हटलंय. त्यामुळे शंभर टक्केवाल्यांपासून लांब राहा.

लाळ किती परत येईल हे मुख्यतः लाळग्रंथींना किती डोस लागला यावर ठरतं. आजार डावीकडे होता, म्हणजे उजवी पॅरोटिड, कानाखालची मोठी ग्रंथी, वाचवायला वाव असतो. तिला सरासरी किती ग्रे जातात एवढंच डॉक्टरांना विचारा. २० च्या आत असेल तर तीव्र कोरडेपणा सहसा टळतो. मात्र सुधारायला महिने लागतात, कधी वर्षही.

पट्टा गालाला अजिबात बांधू नका. उजेडाचा डोस किती, तो कुठं पडतोय, कशाचाच हिशोब नाही. जिथं ही थेरपी नीट देतात तिथं गाठीची जागा टाळतात, डोळ्यांना चष्मा लावतात आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करतात. लाळ वाढवायची पायलोकार्पिनची गोळी दम्यात स्वतःच्या मनानं नको. ती शेक संपल्यावरचा विषय आहे, तेव्हा छातीच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

इचलकरंजीची_सून

दादा, लेझरचं मला माहीत नाही, आमच्या ह्यांना नव्हतं दिलेलं. पण तो गुळाचा खडा आधी बंद करा! हे खडीसाखर चघळायचे. लाळ नसली की गोड दातांवर तसंच बसून राहतं. शेक संपले आणि दात मुळाशी काळे पडून तुटायला लागले. आणि शेक लागलेल्या जबड्यातला दात काढायचा म्हटलं की डॉक्टर दहादा विचार करतात, हाडाला धोका असतो म्हणे. त्यापेक्षा बिनसाखरेचं च्युईंगम द्या, चावता येत असेल तर. आम्ही कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसभर थोड्या थोड्या वेळानं चूळ भरायला लावायचो, त्यानं ती तार सुटते. बाजारात मिळणारा जळजळणारा माउथवॉश नको.

दंतकथा

ताईंचं बरोबर आहे. फ्लोराईड जेलचंही दातांच्या डॉक्टरांना आजच विचारा. आणि जिभेवर, गालात पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते, लगेच दाखवा.

गुळाची_ढेप

दोघांचे आभार. गूळ बंद केला, आण्णा लई चिडलेत. पट्टा भावजींच्या गुडघ्याला परत गेला. पॅरोटिडचा आकडा सोमवारी विचारतो. फोडांसाठी मात्र लेझर घ्यायचं ठरतंय. कोल्हापूर, सांगली-मिरज भागात रेडिएशनवाल्यांशी बोलून, तोंडाच्या आतून हे देणारं डेंटल कॉलेज किंवा हॉस्पिटल कुणाला माहीत असेल तर कळवा. रोज शेकाच्या आधी जमलं तर बरं, एकाच फेरीत दोन्ही होईल.