जिद्द भरपूर आहे, जामीनदार कुठून आणायचा?

माणगंगा:
परवा दुसऱ्या धाग्यावर 'भोसरीकर' यांनी लिहिलं: “मुद्रा कर्ज आहे, स्टँड अप इंडिया होऊन गेलं, बचत गट आहेत, घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. बायकांना धंद्यात बाहेरचा अडथळा आता उरलेला नाही. जिद्द कमी पडते, एवढंच.” त्याखाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली. मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात बचत गटांचं काम करते. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढला.

जिद्दीचा दाखला हवा असेल तर म्हसवडला या. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या साक्षरता वर्गात बसल्या. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, वाटेल त्या रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली बँक उभी राहिली. दुष्काळी तालुक्यातल्या बायांनी हे करून दाखवलंय. त्यांना जिद्द शिकवू नका.

आता अडतं कुठे ते ऐका. पन्नास हजार मिळतात. गटातून मिळतात, मुद्राच्या शिशु म्हणजे सगळ्यात लहान कर्जाच्या गटातून मिळतात, मायक्रोफायनान्सवाले तर दारात येऊन देतात. अडतं ते धंदा चालायला लागल्यावर. आमच्या गटातली एक बाई मसाले आणि चटण्या करते. दुसऱ्याच्या गिरणीत रांग लावून मसाला कुटून आणते. तिला स्वतःचं कांडप मशीन आणि पॅकिंगचं मशीन घ्यायचं होतं, खर्च साडेतीन लाख. बँकेत पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात? दुसरा, सातबारा कोणाच्या नावावर? तिसरा, दोन पगारदार जामीनदार आणता का? सूक्ष्म आणि लघुउद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये असं रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावलंय. साहेब म्हणाले, “तारण कुठे मागतोय, जामीनदारच मागतोय.”

तुमची स्टँड अप इंडिया कर्ज योजना २०१६ ची, २०२५ पर्यंत चालली. सुरुवातच १० लाखांपासून होती, आणि तीही फक्त नव्या उद्योगाला. जी बाई आठ वर्षं मसाला विकतेय तिच्यासाठी ती नव्हतीच. म्हणजे लहान कर्ज सगळे देतात, मोठ्याची जाहिरात होते आणि मधल्या तीन-चार लाखांपाशी दार बंद.

सातबाऱ्याचंही बोलू. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांमध्ये बायका १४ टक्क्यांच्या आसपास. रानात जाऊन बघा, खुरपं कोणाच्या हातात दिसतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशाने २००५ ला. तरी भावाशी वाकडं नको म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि माहेरहून साडी घेऊन येते. मग बँकेत तिच्याकडे तारण ठेवायला काय असणार?

भोसरीकर:
माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर देणं आलं.

मला बँकेने पायघड्या घातल्या नव्हत्या. दोन लेथवर सुरुवात केली. मलाही जामीनदार मागितले, मलाही “आयटीआर (आयकर विवरण) दाखवा” म्हणून परत पाठवलं. शेवटी वडिलांचा फ्लॅट तारण ठेवला. नवऱ्याची सही मागतात ही तक्रार आहे ना? माझ्या कर्जावर बायकोची सही घेतलीय. ही सगळ्या छोट्या धंदेवाल्यांची रड आहे, तिला बाईमाणसाचा रंग का देता?

खरा अडथळा सांगू का? मोठ्या कंपन्या पैसे थकवतात. कायद्यात ४५ दिवस लिहिलंय, बिल निघतं चौथ्या महिन्यात. वेळेत पैसे दिले नाहीत तर खर्चाची वजावट नाही असं आयकर कायद्यात कलम आणलं, तर काही खरेदीदार नोंदणीकृत लघुउद्योगांकडून माल घेणंच टाळायला लागले. यावर कोणी धागा काढत नाही.

आणि एक कटू गोष्ट. घरगुती धंदेवाल्या बायका हिशेब ठेवत नाहीत. चकली किलोमागे किती पडते विचारा, सांगता येत नाही. बँक कशावर कर्ज देईल?

माणगंगा:
फ्लॅट वडिलांचा होता. तुमची बहीण लेथ टाकायला निघाली असती तर वडिलांनी तो तिच्यासाठी तारण ठेवला असता का?

भोसरीकर:
माझ्या बहिणीला मध्ये आणायचं काम नाही. मुद्द्यावर बोला.

डोंबिवलीची फराळवाली:
चकलीचा हिशेब मी देते, लिहून घ्या. भाजणीचं धान्य, भाजायचा गॅस, दळण, तेल, तीळ, डबा, छापलेलं लेबल. फुटलेल्या आणि तेल प्यायलेल्या चकल्या वेगळ्या काढाव्या लागतात, तीही तूट धरते. वर माझी मजुरी तासावर. माझ्याकडे वही आहे. ५६० रुपये किलो लावते आणि त्यातला पैसा न पैसा दाखवू शकते. गिऱ्हाईक मात्र मजुरीची ओळ आली की म्हणतं, “घरच्या घरी तर करता!”

अडथळा विचारत होता ना? हा घ्या अडथळा. माझा वेळ फुकट आहे असं सगळ्यांनी धरलेलं आहे.

चिंचवडची गृहिणी:
रागावू नका, पण ५६० जास्तच आहेत. दुकानात चारशेला मिळते. बाईने बाईला मदत करावी हे मान्य, पण म्हणून लुटून घ्यायचं का? मी घरी करते तेव्हा निम्म्यात पडते.

डोंबिवलीची फराळवाली:
निम्म्यात पडते कारण तुम्ही स्वतःला पगार देत नाही. दुकानातली चारशेची चकली कुठल्या तेलात तळलीय हे तिथे विचारता का? काजूकतली हजाराच्या वर गेली तरी मिठाईवाल्याशी कोणी घासाघीस करत नाही. माझ्या दारात मात्र “आमच्यासाठी पन्नास कमी करा.”

न्यू जर्सीकर:
आम्ही दर दिवाळीला पुण्याहून कुरियरने फराळ मागवतो. कुरियरचा खर्च फराळापेक्षा जास्त येतो आणि तो आम्ही निमूट भरतो. काकूंनी अनारशाला वीस रुपये वाढवले तर इथल्या ग्रुपवर चर्चा झाली होती. तेव्हाही मी हेच म्हटलं होतं की हे बरोबर नाही.

सहकारी सोसायटी त्रस्त:
फराळाचा विषय निघालाच आहे तर दुसरी बाजूही ऐका. आमच्या खालच्या मजल्यावर टिफिनचा धंदा आहे. सकाळी पाचपासून फोडणीचा वास, लिफ्टमध्ये डब्यांच्या पिशव्या, घरगुती सिलिंडरवर व्यवसाय चाललेला. तो नियमाविरुद्ध आहे. आम्ही सेक्रेटरीकडे तक्रार दिली तर “बाईच्या पोटावर पाय देता” म्हणून आम्हालाच ऐकवलं. राहत्या घरात कारखाना चालवायचा का?

डोंबिवलीची फराळवाली:
व्यावसायिक सिलिंडर लावायलाच हवा, मी लावला आहे. अन्न परवान्याची नोंदणी आहे, मी केली तेव्हा १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये फी होती, तीही भरली आहे. तरी मलाही सोसायटीची नोटीस आली. त्याच इमारतीत एक सीए, दोन शिकवणीवाले आणि एक विमा एजंट घरूनच काम करतात. चपलांचा ढीग माझ्या दारापर्यंत येतो. त्यांना नोटीस नाही.

सहकारी सोसायटी त्रस्त:
शिकवणीला वास येत नाही.

डोंबिवलीची फराळवाली:
मग गाळा घ्यायला कर्ज मिळवून द्या, उद्या सकाळी हलते.

चिंचवडची गृहिणी:
ताई, ५६० ला मी घेणार नाही, पण घासाघीसही करणार नाही. एवढं मानलं.

लेखापाल अकोला:
फराळावरून धागा मुळाकडे आणतो. आकडे दोन्ही बाजू अर्धेच सांगताहेत. मुद्राच्या खात्यांमध्ये सुमारे दोन तृतीयांश खाती बायकांची आहेत, खरं आहे. खात्यांऐवजी रक्कम मोजली की बायकांचा वाटा बराच खाली येतो, कारण त्यांची बहुतेक खाती शिशुमधली. माणगंगा म्हणतात ते मधलं बंद दार इथे दिसतं.

पण माझ्या कपाटातल्या फाइली वेगळंच सांगतात. बायकोच्या नावावर एकमालकी धंदा (प्रोप्रायटरी), कारभार मात्र सगळा नवऱ्याचा. टेंडरमधल्या सवलतीसाठी, सरकारी कंपन्यांच्या खरेदीत २०१८ पासून महिला उद्योगांना ३ टक्के हिस्सा आहे त्यासाठी, कधी नवऱ्याचं खातं बुडीत गेलंय म्हणून. बाईला उलाढाल विचारली तर ती नवऱ्याकडे बघते. कर्ज थकलं की नोटीस मात्र तिच्या नावावर, आणि पुढे तिने खरंच काही सुरू करायचं म्हटलं तर तिचा सिबिल स्कोअर आधीच गेलेला. या बायांबद्दल मला फार वाईट वाटतं.

भोसरीकर:
बघा! मी हेच म्हणत होतो. महिला उद्योजक म्हणून जे आकडे मिरवतात त्यातले किती खरे?

माणगंगा:
तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही म्हणत होतात जिद्द नाही. नवऱ्याने तिचं नाव वापरलं यात तिच्या जिद्दीचा काय संबंध?

वऱ्हाडी माणूस:
सगळे कर्ज द्या, कर्ज द्या करून राहिलेत. आमच्याकडे या. एका बाईवर चार मायक्रोफायनान्सची कर्जं. कर्ज बाईच्या नावावर, पैसा लागला नवऱ्याच्या दवाखान्याला नाहीतर पोरीच्या लग्नाला. व्याज वीस टक्क्यांच्या वर. गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात, वसुलीवाल्याला बोलायचीही गरज पडत नाही. २०२२ च्या नियमात हप्ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नको असं आहे. पण उत्पन्न लिहिणारा तोच, ज्याला कर्ज वाटायचं टार्गेट आहे. आधी बाईचा माल विकला जाईल असं बघा. कर्जानं उद्योग उभा राहत नाही.

भोसरीकर:
पटलं. लिज्जत पापडचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये. बँक नाही, अनुदान नाही.

माणगंगा:
ते ८० रुपयेही उसनेच होते. आणि ते देणाऱ्याने सातबारा मागितला नव्हता. मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांचंही बघा. सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. १९७५ ला कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात बांधलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणी कामगारांना जेवण त्या आधीही घालत होत्या. कष्ट तेच राहिले, व्याज बदललं.

वऱ्हाडी भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, गटात मी ते रोज बघते. पण घाईच्या पैशाला चार दारं उघडी आणि मशीनच्या पैशाला एकही नाही, म्हणून बाई तुमच्या त्या वसुलीवाल्याकडे जाते.

वेळेचंही जाता जाता. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ९७. आणि बहुतेक पुरुष त्या मोजणीत येतच नाहीत, कारण ते घरकाम करतच नाहीत. भोसरीकर, तुम्ही लेथवर उभे असता तेव्हा घरी पोरांना कोण बघतं?

भोसरीकर:
बायको. ते मी कधी नाकारलं नाही.

बहिणीचं तुम्ही विचारलं होतं. वडील गेल्यावर तिने हक्कसोड दिलं, मी मागितलं म्हणून. तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. फ्लॅटमुळे मला कर्ज मिळालं हे खरं. तेवढं मान्य करतो. बाकी पैसे थकवण्याचा मुद्दा मी सोडणार नाही.

लेखापाल अकोला:
माणगंगाताई, त्या मसालेवाल्या बाईंना सांगा, तोंडी नकार घेऊन परत यायचं नाही. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, नकाराची कारणं लेखी मागायची. ती देणं बँकेवर बंधनकारक आहे. पत गॅरंटी योजनेखाली (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाईची हमी देणारी सरकारी योजना) प्रस्ताव पाठवा असंही अर्जातच लिहायचं. त्यात तिसऱ्याचा जामीन लागत नाही. कारण कागदावर लिहायची वेळ आली की शाखेचा सूर बदलतो, माझा अनुभव आहे.

माणगंगा:
लेखी मागितलं होतं. “पुढच्या आठवड्यात या” म्हणाले. पुढच्या आठवड्यात गेली तर साहेबांची बदली झालेली. आता पोच घेऊन नव्याने अर्ज करू. गॅरंटीचं वाक्य तुम्ही नेमकं लिहून पाठवा, तसंच्या तसं टाकते.

भोसरीकर:
मशीनचं कोटेशन मला पाठवा. कांडप आणि पॅकिंगला साडेतीन लाख जास्त वाटतात. मोटर आणि शाफ्ट मी बघून सांगतो, पैसे वाचतील. जिद्दीबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही.

माणगंगा:
पाठवते. आकड्यात थ्री फेज जोडणी, वायरिंग आणि शेडचा कोबा धरलाय. जोडणीचा अर्ज नवऱ्याच्या नावावर करावा लागला, कारण शेड त्याच्या नावावर आहे. आता बँक विचारतेय, वीजबिल तुमच्या नावाचं का नाही?