मदत हवी आहे: पुसलेले बिटकॉइन नाणे, स्लॅब फोडावा, होलोग्राम सोलावा की गप्प बसावे?

नमस्कार. माझ्याकडील एका पितळी नाण्यावरून गेले तीन आठवडे घरात दोन तट पडले आहेत. जाणकारांनी निवाडा करावा, म्हणून हकीकत क्रमाने लिहितो.

नाणे २०११ चे, माइक कॅल्डवेल यांनी अमेरिकेतील युटा राज्यात तयार केलेल्या कॅसॅशियस मालिकेतील, एक बिटकॉइनचे आहे. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: नाण्याच्या मागे एक होलोग्राम चिकटवलेला असतो, त्याखालच्या कागदाच्या चकतीवर त्या बिटकॉइनची खाजगी किल्ली, म्हणजे ते खर्च करायला लागणारा गुप्त संकेत, छापलेली असते आणि होलोग्राम सोलला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी मागे उरते, त्यामुळे हळूच डोकावून पुन्हा झाकण्याची सोय नाही. पहिल्या आवृत्तीत होलोग्रामवरच्या खुद्द मालिकेच्या नावातून एक 'एस' गळला होता. माझे नाणे त्याच आवृत्तीतले आहे. पुढे २०१३ च्या अखेरीस अमेरिकी अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाचे पत्र आले आणि कॅल्डवेल यांनी बिटकॉइन भरलेली नाणी विकणे थांबवले. मला हे नाणे एका मित्राने गमतीने दिले होते. त्या काळी बिटकॉइन मोजक्या डॉलरना मिळत असे, त्यामुळे मी ते कपाटांच्या किल्ल्यांबरोबर एका डब्यात टाकून दिले. त्यातली सर्वांत महाग किल्ली कोणती, हे कळायला मला बारा वर्षे लागली.

ते कळल्यावर मी नाणे ग्रेडिंगसाठी, म्हणजे त्याची अवस्था परीक्षकांकडून तपासून गुण मिळवण्यासाठी, पाठवण्याचे ठरवले. विम्याच्या अर्जात 'वस्तूचे मूल्य' असा रकाना होता. पितळेचे लिहावे तर टपालखर्च त्याहून अधिक, बिटकॉइनचे लिहावे तर अर्ज भरायला घेताना एक भाव आणि सही करेपर्यंत दुसरा. शेवटी एक आकडा डोळे मिटून लिहिला. मग पाकिटात घालण्यापूर्वी नाण्यावर अंगठ्याचा ठसा दिसला आणि पाहुण्यांसमोर मूल न्यावे तसे स्वच्छ करून पाठवावे, या सद्हेतूने मी ते मऊ कापडाने चांगले घासून पुसले.

जाणकारांना पुढचे सांगायला नकोच. नाणे प्लॅस्टिकच्या बंद स्लॅबमध्ये परत आले. लेबलावर अंक नव्हता, 'डिटेल्स: साफ केलेले' एवढाच शेरा होता, म्हणजे नाणे अस्सल, पण पुसल्यामुळे गुणांना अपात्र. मुद्रणातली चूक हे त्या नाण्याचे भूषण आणि माझी स्वच्छतेची आवड हा त्याचा कलंक, हे मला अजून पचलेले नाही. बरे, ज्या एक ते सत्तरच्या मोजपट्टीवर माझे नाणे उभेच राहू शकले नाही, ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. हेच गृहस्थ माणसांच्या शरीरयष्टीलाही गुण देत असत. आणि त्यांनी अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील चांगले सेंट स्वतःच्या हलक्या नाण्यांशी परस्पर बदलून घेतल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. मोजपट्टी तेवढी निष्कलंक राहिली.

आता प्रश्न. माझे म्हणणे असे की स्लॅब फोडून नाणे दुसऱ्या ठिकाणी पाठवावे, कारण एका परीक्षकाला दिसलेला ओरखडा दुसऱ्याला दिसेलच असे नाही. पत्नीचे म्हणणे असे की होलोग्राम सोलावा, बिटकॉइन घ्यावे आणि विषय संपवावा. शिवाय १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश हे दुसरे चलन वेगळे झाले तेव्हा याच किल्लीवर तेही एक जमा झाले आहे, म्हणजे सोलण्याचे फळ दुहेरी आहे. ग्रेडिंगवाल्यांनी पितळेवरच्या केसाएवढ्या रेषा मोजल्या, पण आतली किल्ली खरी आहे की नाही याबद्दल अक्षरही लिहिलेले नाही. ते कोणी आणि कसे तपासते?

पहिला प्रतिसाद

स्लॅब कृपया फोडू नका. पुसल्याने आलेल्या रेषा सर्व एकाच दिशेने जातात आणि भिंगाखाली नाणे तिरके धरले की त्या कोणत्याही अनुभवी परीक्षकाला दिसतात. त्यामुळे दुसरीकडेही हाच शेरा मिळण्याची शक्यता अधिक. त्यातच पक्कड घसरून होलोग्रामला लागली, तर आज निदान अखंड असलेले नाणे 'साफ केलेले आणि खरवडलेले' होईल.

किल्लीबद्दल: ती पाहिल्याशिवाय तपासता येत नाही आणि पाहिली की नाणे सोललेले ठरते. तपासता येतो तो फक्त पत्ता, म्हणजे ते बिटकॉइन ज्यावर जमा आहे तो खातेक्रमांकासारखा संकेत. नाण्यावर त्याची पहिली आठ अक्षरे दिसतात; त्यांवरून पूर्ण पत्ता शोधा आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, शिल्लक जागेवर आहे का ते पाहा. होलोग्रामखालची किल्ली त्याच पत्त्याची आहे आणि तिची प्रत कोणी ठेवलेली नाही, हे मात्र बनवणाऱ्याच्या शब्दावर मानावे लागते. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने लाख डॉलर ओलांडले, तेव्हा हा हिशेबही जवळपास जुळला होता.

दुसरा प्रतिसाद

मी वहिनींच्या बाजूचा आहे. डिटेल्स शेऱ्याच्या नाण्याला संग्राहक हात आखडून पैसे देतो, पण बिटकॉइनला ओरखडा पडत नाही. मात्र सोलण्याआधी, आतले बिटकॉइन सोडून अखंड नाण्यासाठी कोणी किती जास्त देतो, याची लेखी विचारणा करा. गळलेल्या 'एस'चे वेड असलेले लोक असतात आणि ते पुसलेलेही घेतात. आणि सोललेच, तर किल्लीचे छायाचित्र काढून इथे 'हे अक्षर कोणते वाटते' असे विचारू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पत्ता शोधला, २०११ मध्ये जमा झालेले एक बिटकॉइन अद्याप हललेले नाही. संग्राहकांचे भाव येईपर्यंत सोलायचे नाही आणि फोडायचेही नाही, असा तह घरात झाला आहे. पक्कड पत्नीने ताब्यात घेतली आहे.

एक शंका राहिली. पत्त्याची अक्षरे वाचताना स्लॅबवर अंगठ्याचा ठसा उमटला आहे. तो मऊ कापडाने पुसला तर चालेल का?